लांब बझर, शेजारची नावबहीण आणि कोर्टाचे दहा दिवस: मनपा निवडणुकीत काय धरता येतं, काय नाही

घणसोलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांची पत्नी नवी मुंबई महापालिकेला अपक्ष उभी होती आणि चार जागांच्या प्रभागातल्या ‘ब’ जागेवर ४१ मतांनी पडली. त्यांचं म्हणणं असं: घरातल्या आणि आळीतल्या बऱ्याच वयस्कर बायकांनी मशीनवर एक-दोनच बटणं दाबली आणि लांब बझर (सगळ्या जागांचं मत झाल्याची खूण) वाजायच्या आत त्या बाहेर आल्या. पत्नीचं जे नाव-आडनाव, तेच असलेली दुसरी अपक्ष मशीनवर तिच्या लगेच वर होती आणि नावापुढे फोटोही नव्हते. व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणारं यंत्र, नव्हतं. बोटावरची मार्करची शाई पुसली जात होती. आता फेरमतदान किंवा मतपत्रिकेवर मतदान मागता येईल का, कोर्टात जायचं तर कधीपर्यंत, असं त्यांनी विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. बाकीचं वाचायला नंतरही वेळ मिळेल, याला मिळणार नाही. निकाल १६ जानेवारी २०२६ला, शुक्रवारी लागला. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९च्या कलम १६ प्रमाणे निवडणूक अर्ज निकाल जाहीर झाल्यापासून दहा दिवसांत करायचा असतो. आज मंगळवार, २० तारीख. दहावा दिवस येतो २६ जानेवारीला. त्याच्या आदल्या दिवशी रविवार, त्याच्या आदल्या दिवशी चौथा शनिवार. म्हणजे कोर्टाची खिडकी उघडी असलेला शेवटचा दिवस शुक्रवार, २३. मुदतीचा शेवटचा दिवस सुटीचा आला तर कोर्ट उघडल्यावर पहिल्या दिवशी दाखल केलेलं चालतं, हे तत्त्व आहे आणि एकदा मी त्याचा आधार घेतलाही आहे. पण समोरचा वकील पहिला आक्षेप त्यावरच घेतो, आणि मग मूळ मुद्दा राहतो बाजूला नि आपण कॅलेंडरावर भांडत बसतो. शुक्रवार हीच मुदत समजा.

अर्ज जातो सिव्हिल जज, सीनियर डिव्हिजन यांच्याकडे. हायकोर्टात थेट जायची घाई करू नका. राज्यघटनेचं कलम २४३-झेडजी स्पष्ट सांगतं की नगरपालिका-महापालिकेच्या निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक अर्जानेच देता येतं. गेल्या काही वर्षांत निकालाच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आलेल्या बहुतेकांना रिट (हायकोर्टात थेट याचिका) हवं असतं, कारण टीव्हीवर तोच शब्द ऐकलेला असतो. रिट फेटाळून परत येईपर्यंत दहा दिवस उलटलेले असतात.

आता मूळ गोंधळाकडे येतो. तुमच्या चारही तक्रारींच्या मुळाशी तो आहे. लोक मनपाची निवडणूक ही लोकसभेच्या निवडणुकीची धाकटी आवृत्ती समजतात. मशीन तशीच, शाई तशीच, बूथ त्याच शाळेत, तेव्हा नियमही तेच असणार असं गृहीत धरतात. तसं नाही. लोकसभा-विधानसभा घेतो भारत निवडणूक आयोग, लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ आणि निवडणूक संचालन नियम, १९६१ यांखाली. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका घेतो राज्य निवडणूक आयोग, घटनेच्या २४३-के आणि २४३-झेडए या कलमांखाली, आणि त्यांचे कायदे करतं राज्याचं विधिमंडळ. मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा, आपल्याला १९४९चा. सर्वोच्च न्यायालयाने किशनसिंग तोमर खटल्यात २००६ मध्ये सांगितलं की राज्य निवडणूक आयोगाचे अधिकार त्याच्या क्षेत्रात भारत निवडणूक आयोगाइतकेच आहेत. म्हणजे एकाचा आदेश दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. अपवाद मतदार यादीचा. ती विधानसभेचीच घेऊन प्रभागवार फोडली जाते. यंदा १ जुलै २०२५ ची यादी धरली होती.

मशीन कायद्यात नसेल तर मशीनवरचं मतदान टिकत नाही, हे तर देशात पहिल्यांदा मशीन वापरलं तेव्हाच ठरलंय. केरळात परूर मतदारसंघात १९८२ मध्ये ५० बूथवर मशीन लावलं. जिंकणारा १२३ मतांनी जिंकला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात मतपत्रिका लिहिली आहे, यंत्र नाही. आयोग आपल्या अधिकारात ते आणू शकत नाही. त्या ५० बूथवर मतपत्रिकेने फेरमतदान झालं आणि निकाल फिरला. त्यानंतर संसदेने कलम ६१-अ घातलं. आपल्या स्थानिक संस्थांच्या कायद्यांतही मतदान यंत्राची तरतूद पुढे घालण्यात आली, म्हणून ‘मशीनच बेकायदा’ हा मुद्दा मनपाला चालत नाही. तरीही दरवेळी एखादा तरी अर्ज त्यावरच उभा केलेला असतो.

व्हीव्हीपॅटचं मात्र नेमकं उलटं आहे. लोकसभा-विधानसभेला ते नियमांत आहे, ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते टप्प्याटप्प्याने आणायलाही सांगितलं होतं. स्थानिक निवडणुकांच्या कायद्यांत ते नाही, आणि राज्य निवडणूक आयोगाचं म्हणणं तेच आहे: तरतूद नाही, शिवाय चार जागांच्या प्रभागाला जुळणारं यंत्रही अजून ठरलेलं नाही. दुसरं कारण ऐकायला सबबीसारखं वाटतं, पण त्यात तथ्य आहे. विधानसभेला एक मत, एक चिठ्ठी. इथे एका मतदाराच्या चार चिठ्ठ्या पडणार, कुठली कुठल्या जागेची हे त्यांवर छापावं लागणार, आणि एखादा मध्येच निघून गेला तर त्याच्या दोनच चिठ्ठ्या डब्यात राहणार. नांदेड-वाघाळा महापालिकेत २०१७ मध्ये एका प्रभागात प्रयोग म्हणून व्हीव्हीपॅट लावलं होतं, म्हणजे अशक्य आहे असंही नाही. माझं मत विचाराल तर ते यायला हवं. पण ‘यायला हवं’ आणि ‘नव्हतं म्हणून माझी निवडणूक रद्द करा’ यांत फार अंतर आहे. कायद्यात नसलेली गोष्ट केली नाही, यावर कोर्ट निकाल उलटवत नाही.

याच्याच जोडीचा एक कागद परवा एका अशिलाने माझ्यापुढे ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून, खर्च भरून, पाच टक्के मशीनच्या चिप तपासून घ्यायची सोय दिली. ती सोय लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांची आहे. तुमच्या पत्नीला ती मागता येणार नाही. मुंबईत मतमोजणीसाठीच्या ‘पाडू’ नावाच्या जोडयंत्रावरून झालेला गदारोळही नवी मुंबईचा नाही.

मतपत्रिकेवर फेरमतदान मागण्याचंही तसंच. यंत्र की कागद हे ठरवणं राज्याच्या कायद्याचं आणि राज्य आयोगाचं काम. कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्थानिक निवडणुका कागदावर घ्याव्यात अशी शिफारस त्यांच्या राज्य आयोगाला केली, ती याच अधिकारातून. ते राजकीय मागणीने होतं, हरलेल्या उमेदवाराच्या अर्जाने नाही. आणि कुणी सुचवलं तरी आळीत आपलं आपण कागदावर मतदान घ्यायच्या भानगडीत पडू नका. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीत डिसेंबर २०२४ मध्ये तो प्रयत्न झाला, प्रशासनाने थांबवला, आणि लोकांवर गुन्हे दाखल झाले.

आता बझर. तुमच्या तक्रारींत खरा जीव आहे तो इथे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नवी मुंबईत २०१५ पर्यंत एक प्रभाग, एक नगरसेवक, एक बटण. त्यानंतर मे २०२० पासून प्रशासक. दहा वर्षं नऊ महिन्यांनी लोक बूथवर गेले ते एकदम पॅनलमध्ये: १११ जागा, २८ प्रभाग, त्यांतले २७ चार जागांचे आणि एक तीन जागांचा. ठाण्यात १३१ जागा आणि ३३ प्रभाग आहेत, पण ठाणेकरांनी चार मतांचा अनुभव २०१७ मध्ये घेतला होता. म्हणून कोपरी-वागळेतल्या आजीबाई ‘लांब वाजेपर्यंत हलू नको’ म्हणून सुनेला बजावत होत्या, आणि घणसोली-कोपरखैरण्यात लोक पहिल्या बीपला वळत होते. किंक्रांतीचा दिवस, त्यात बाहेर रांग. कोणाला थांबून चार रंग वाचायचे होते?

रंग हीच या मशीनवरच्या पत्रिकेची खरी रचना आहे. ‘अ’ जागेचा कागद पांढरा, ‘ब’चा फिका गुलाबी, ‘क’चा फिका पिवळा, ‘ड’चा फिका निळा. प्रत्येक जागेच्या यादीखाली तिचं स्वतःचं ‘वरीलपैकी कोणीही नाही’ बटण. एका बॅलेट युनिटवर सोळा बटणं; उमेदवार कमी असले तर दोन जागांच्या पत्रिका एकाच युनिटवर येतात, जास्त असले तर युनिटं वाढतात. मतदाराने प्रत्येक रंगात एक बटण दाबायचं, उमेदवाराचं किंवा नोटाचं. एका जागेचं दाबलं की दिवा लागतो, छोटा आवाज होतो. सगळ्या जागांचं झालं की लांब बझर. तो वाजला नाही तर मतदान पूर्ण झालेलं नाही. चारही मतं एकाच जागेवर देता येत नाहीत, पण चार वेगळ्या पक्षांना देता येतात, हे अजूनही बऱ्याच जणांना सांगावं लागतं. एखादी जागा बिनविरोध झाली असेल तर उरलेल्या तीनच.

प्रश्न असा की अर्धवट सोडलेल्या मतदानावर निवडणूक रद्द होते का? निव्वळ तेवढ्यावर नाही. मतदार स्वतःहून बाहेर आला, तर ते त्याचं न दिलेलं मत. पण कलम १६ मध्ये एक आधार आहे तो नीट वाचा: मत अयोग्य रीतीने स्वीकारणं किंवा नाकारणं. तुमच्या घरातल्या त्या वयस्कर बायकांना आतल्या कर्मचाऱ्याने ‘झालं, चला’ म्हणून बाहेर काढलं असेल, लांब बझर वाजलेला नसताना, तर ते मत नाकारणं झालं. दोन बटणं दाबून आपण होऊन बाहेर आल्या असतील तर नाही. म्हणून त्यांना आज संध्याकाळीच शांतपणे विचारा, उत्तर सुचवू नका, आणि जे सांगतील ते तसंच लिहून घ्या. मी अशी साक्ष उलटतपासणीत कोसळताना पाहिली आहे, कारण मुलाने आईला पढवलेलं होतं आणि आईला खोटं बोलता येत नव्हतं.

त्यापेक्षा भक्कम पुरावा आकड्यांत असतो. बूथवर दिवसअखेर नोंदवलेल्या मतांचा हिशेब तयार होतो आणि त्याची प्रत हजर एजंटाला मिळते. मतमोजणीत बूथवार, जागावार आकडे लिहिले जातात. दोन्ही कागद समोरासमोर ठेवा. समजा एका बूथवर ६१२ जणांनी मतदान केलं. मग ‘अ’ जागेची सगळ्या उमेदवारांची आणि नोटाची बेरीज ६१२ यायला हवी. ‘ब’ची ६१२, ‘क’ची ६१२, ‘ड’ची ६१२. ‘ब’ची ५९७ आली तर १५ माणसांचं काय झालं? केंद्राध्यक्षाच्या डायरीत अर्धवट सोडलेल्या मतदानाची नोंद आहे का? मध्येच मशीन बदललं का? नोंद असेल तर उत्तर मिळालं. नोंद नसेल आणि अशी तफावत तीन-चार बूथवर मिळून ४१ च्या वर जात असेल, तर तुमच्या हातात मुद्दा आहे. बेरीज सगळीकडे जुळत असेल तर ते मनाला कितीही पटलं नाही तरी बझरची तक्रार तिथेच संपली. मी हे काम नेहमी हाताने, मोठ्या वहीत, चार रंगांच्या पेनांनी करतो. एक्सेलमध्ये केलं की लोक नुसती शेवटची बेरीज बघतात.

एजंटांवरून आठवलं. २०१७ ला वागळे इस्टेटमधल्या एका बूथवर सकाळी अभिरूप मतदान (खऱ्या मतदानाआधीची मशीनची चाचणी) चालू असताना आमच्या पोरगेल्या एजंटाने फोन केला: “वकीलसाहेब, पिवळ्या पत्रिकेत निशाणीसमोर बटण येत नाही, मधल्या रेघेवर येतंय.” जाऊन बघितलं तर पारदर्शक पट्टीखाली कागद पाव इंच खाली घसरला होता. न वापरलेली बटणं नीट झाकलेली होती, सीलही जागेवर होतं, सगळं ठाकठीक. फक्त कागद घसरलेला. पाचव्या क्रमांकाच्या उमेदवाराला मत द्यायला गेलेलं बोट सहाव्यावर पडलं असतं. मी त्याला तिथेच एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहायला लावल्या: बूथ क्रमांक, वेळ, काय दिसलं, काय मागतो. केंद्राध्यक्षांनी पोच दिली. सील केलेलं युनिट त्यांनी उघडलं नाही, ते योग्यच होतं. दुसरं मागवलं, पुन्हा अभिरूप मतदान घेतलं. चाळीस मिनिटं उशीर झाला आणि रांगेतल्या लोकांनी आम्हालाच शिव्या घातल्या. हेच दुपारी तीनला लक्षात आलं असतं तर? झालेली मतं मशीनमध्ये, आणि कोर्टात सिद्ध करायला काही नाही.

पत्रिकेच्या रचनेवरचे जवळजवळ सगळे आक्षेप असे वेळेला बांधलेले असतात. नाव कसं छापायचं, यादी प्रसिद्ध होते तेव्हा बोलायचं. कोणत्या युनिटवर कोणती जागा, उमेदवारांची संख्या बरोबर सेट झाली का, हे मशीन तयार करताना उमेदवाराच्या प्रतिनिधीसमोर होतं, तेव्हा बोलायचं. यंत्रांची सरमिसळ झाल्यावर कोणत्या बूथला कोणता नंबर गेला, ती यादी घ्यायची आणि सकाळी बूथवरच्या नंबराशी ताडायची. फेरमोजणी हवी तर निकाल जाहीर व्हायच्या आत, लेखी, कारणासह. तुमच्या पत्नीने ४१ मतांनी पडल्यावर ती मागितली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मागितली नसेल तर कोर्ट ते विचारणार.

नावाची तक्रार. इथे तुमच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सहानुभूती आहे आणि कायद्याचा आधार सगळ्यात कमी. आपल्या आगरी गावांत पाटील, म्हात्रे, भोईर ही आडनावं अशी पसरलेली आहेत की समोरच्याने मुद्दाम उभी केलेली नावबहीणही खरीखुरी पाटीलच निघते. तिला निवडणूक लढवायचा हक्क आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नामसाधर्म्याच्या उमेदवारांविरुद्ध याचिका आली, तेव्हा न्यायालयाने ती ऐकायलाच नकार दिला: आईबापांनी तेच नाव ठेवलं असेल तर त्याचा निवडणूक लढवायचा हक्क कसा काढून घेणार, असा त्यांचा रोख होता. यादीतली जागा वर्णानुक्रमाने लागते, ती आरओच्या, म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या, मर्जीची नसते. दोघी अपक्ष, दोघींचं नाव सारखं, मग त्या शेजारीच येणार.

याचा फटका केवढा बसतो ते कोकणाने पाहिलंय. रायगड लोकसभेला २०१४ मध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्याच नावाच्या अपक्षाने ९,८४९ मतं घेतली. निशाणीतही तेच. २०२४ ला साताऱ्यात ‘तुतारी वाजवणारा माणूस’वाला उमेदवार साधारण बत्तीस हजारांनी पडला आणि नुसती ‘तुतारी’ मिळालेला अपक्ष ३७ हजारांवर मतं घेऊन गेला. दोन्ही ठिकाणी लोकांनी चुकीचं वाचलं नव्हतं. पत्रिकेवर जे छापलं तेच वाचलं.

मग इलाज? निवडणूक संचालन नियमांत असा नियम आहे की दोन उमेदवारांचं नाव सारखं असेल तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा दुसरं काही जोडून त्यांच्यात फरक करावा. तत्त्व साधं आहे आणि मनपालाही आरओकडे अर्ज करून ते मागता येतं, पण पत्रिका छापायला जायच्या आत. २०१५ पासून लोकसभा-विधानसभेच्या पत्रिकेवर उमेदवाराचा फोटो आला तो मुख्यतः याच त्रासामुळे. सप्टेंबर २०२५ च्या सूचनेनुसार तो आता रंगीत, चौकटीच्या तीन-चतुर्थांश भागात चेहरा, आणि अनुक्रमांक ३० पॉइंटच्या ठळक टायपात. पण तो आदेश भारत निवडणूक आयोगाचा. घणसोलीच्या गुलाबी कागदावर त्याचा हक्क सांगता येत नाही. राज्य आयोगाने तो उचलावा असं निवेदन जरूर द्या, मीही सही करीन. चार रंग, चार याद्या आणि प्रत्येकीत एक-दोन नावबहिणी, हे फोटोशिवाय वाचणं चष्मा विसरून आलेल्या माणसाला अशक्य आहे.

पत्नीने माघारीच्या मुदतीनंतर, यादी लागल्यावर, असा अर्ज दिला होता का? दिला असेल आणि नुसताच बाजूला ठेवला गेला असेल, तर त्याची पोच शोधा. तो एक कागद तुमच्या बाकी सगळ्या बाडापेक्षा वजनदार आहे. दिला नसेल तर हा मुद्दा अर्जात एका परिच्छेदापुरता ठेवा.

शाईवर फार वेळ घालवत नाही. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे स्थानिक निवडणुकांत मार्कर २०११ पासून वापरला जात होता. शाई पुसली गेली म्हणून मत बाद होत नाही. एकाच माणसाने दोनदा मत दिलं हे दाखवावं लागतं, आणि ते बोटावरून नाही, बूथवरच्या खूण केलेल्या यादीवरून दिसतं. यंदा दुबार वाटणाऱ्या नावांपुढे दोन तारे छापले होते. तुमच्या प्रभागात तारे असलेल्या किती नावांपुढे दोन बूथवर खूण आहे, हे बघायला कोर्टामार्फत त्या याद्या मागवाव्या लागतील. मोबाइलवरचे शाई पुसायचे व्हिडिओ आणू नका. मागे एकाने असे बारा आणले होते. बारांपैकी दहांत बोट कोणाचं हेच कळत नव्हतं.

नोटाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण लोक ते मधे आणतात. राज्य आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशाने स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं मिळाली तर त्या जागेची निवडणूक नव्याने घ्यायची. तुमच्या जागेवर तसं झालेलं नाही, त्यामुळे इथे त्याचा काही उपयोग नाही. नोटाची मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त आहेत, एवढ्यावर काही होत नाही.

मग तुमच्या हातात नक्की काय आहे? माझ्या अंदाजाने: बझरचा मुद्दा आकड्यांनी उभा राहिला तर चांगला, आकडे जुळले तर शून्य. नावाचा मुद्दा पोच असेल तर दखल घेण्याजोगा. व्हीव्हीपॅट, मतपत्रिका आणि शाई अर्जातून काढून टाका. मी हे सांगितलं की अशील नाराज होतात, त्यांना वाटतं मुद्दे जितके जास्त तितका अर्ज जड. प्रत्यक्षात न्यायाधीश पहिलं पान वाचतात आणि सगळ्यात पोकळ मुद्दा तिथे दिसला की बाकीचे त्याच नजरेने बघतात. ४१ मतांचा फरक हीच तुमची सगळ्यात मोठी बाजू आहे. ‘निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला’ हे चारशेवर दाखवणं कठीण, एकेचाळीसवर शक्य.

अर्जासोबत पहिल्याच दिवशी वेगळा विनंतीअर्ज द्या: संबंधित बूथची कंट्रोल युनिटं (मतं साठवणारा मशीनचा भाग), केंद्राध्यक्षांच्या डायऱ्या, खूण केलेल्या याद्या आणि मोजणीचे तक्ते अर्जाचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवावेत. मशीन पुढच्या निवडणुकीला गेलं आणि मेमरी पुसली गेली की मग वाद करायला काही राहत नाही. माझ्या एका जुन्या अर्जात हा कागद द्यायचा राहिला होता. चूक माझी. पुढची अडीच वर्षं मी कोर्टात फोटोकॉपींवर बोलत होतो.

गुरुवारी सकाळी येणार असाल तर हे घेऊन या: निकालाची प्रमाणित प्रत, सगळ्या बूथचे मोजणीचे आकडे, एजंटांना मिळालेले हिशेबाचे कागद (एखाद्या एजंटाने घरी कुठेतरी टाकला असेल, आजच फोन करा), अंतिम उमेदवार यादी, आणि आरओकडे दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच. पत्नीचं आणि तुमचं नाव असलेलं मनपाच्या मतदार यादीचं पानही आणा. कलम १६ खाली अर्ज यादीत नाव असलेला कोणीही करू शकतो, म्हणजे प्रचाराच्या दगदगीनंतर त्यांना कोर्टाच्या फेऱ्या नको असतील तर तुमच्या नावानेही चालेल. सही मात्र ज्याच्या नावाने अर्ज, त्याचीच लागेल, आणि प्रतिज्ञापत्रासाठी त्यांनी स्वतः यायचं, कारण शुक्रवारी दुपारपर्यंत ते सगळं खिडकीवर गेलेलं असायला हवं.